मसाई मारात सिंहाशिवाय काय बघाल?

नमस्कार,

केनियाच्या सफारीची चौकशी करायला आमच्या नाशिकच्या ऑफिसात कोणी आलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "सिंह नक्की दिसणार ना?" बहुतेक वेळा दिसतो, पण झाडाखाली आडवा पडलेला. दिवसातले सोळा ते वीस तास तो आरामच करतो. त्याच्यापायी अख्खी सकाळ घालवू नका. जमिनीवरचा सगळ्यात उंच, सगळ्यात जड आणि सगळ्यात वेगवान असे तिन्ही प्राणी त्याच माळावर असतात. बिबट्या हुकला तरी हळहळू नका, तो आपल्याकडे उसात निघतोच!

जिराफापाशी ड्रायव्हरला जरा जास्त थांबायला सांगा. मोठा नर १८ फुटांपर्यंत जातो, तरी मानेत मणके सातच, तुमच्या-आमच्याइतके. फक्त एकेक मणका वीतभर लांब. एवढ्या उंचीवर रक्त चढवायचं म्हणून त्याचा रक्तदाब माणसाच्या जवळपास दुप्पट असतो. मग पाणी प्यायला डोकं खाली नेल्यावर चक्कर कशी येत नाही? मानेच्या शिरांमध्ये झडपा असतात आणि मेंदूच्या बुडाशी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ते रक्ताचा लोंढा आवरतं. पाणवठ्यावर जिराफ दिसला तर कॅमेरा तयार ठेवा. तो आधी बराच वेळ इकडेतिकडे बघतो आणि मगच पुढचे पाय फाकवून वाकतो, कारण त्या अवस्थेत सिंहाने गाठलं तर चटकन पळता येत नाही. पिल्लू जन्मतानाच उभ्या आईच्या पोटातून पाच-सहा फूट खाली आपटतं आणि साधारण तासाभरात पायावर उभं राहतं.

हत्ती ओळखीचा वाटेल, पण कान बघा, आपल्या हत्तीपेक्षा कितीतरी मोठे. सुळे इथे माद्यांनाही असतात. मोठ्या नराचं वजन सहा टनांच्या आसपास भरतं. हत्तीण २२ महिने गाभण असते.

चित्ता भारतातून संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते कुनोत सोडले. तो ताशी शंभर किलोमीटरच्या घरात पळतो, पण जेमतेम काहीशे मीटर. मग धापा टाकत बसतो आणि तेवढ्यात तरस येऊन शिकार पळवतात. गाड्यांचा गराडा पडला तर त्याची शिकारच हुकते. म्हणून आमचे ड्रायव्हर चित्त्याच्या अंगावर गाडी नेणार नाहीत, वरचे पैसे देऊ केलेत तरी. आणि डरकाळीची वाट बघू नका, त्याला ती जमत नाही, तो चिवचिवतो.

शहामृग वाळूत डोकं खुपसतो ही निव्वळ थाप. जमिनीतल्या खड्ड्यात घातलेली अंडी तो चोचीने फिरवत असतो, ते लांबून तसं दिसतं. जगातला सगळ्यात मोठा पक्षी, उडता येत नाही, पण ताशी ७० किलोमीटरने पळतो. डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा!

आमचा लाडका विक्रमवीर मात्र गिधाड आहे. अंजनेरीला गिधाडं बघितलेल्यांना पटेल. २९ नोव्हेंबर १९७३ रोजी आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानवर सुमारे ३७,००० फुटांवर एका विमानाला पक्षी धडकला. विमान सुखरूप उतरलं. सापडलेल्या पिसांवरून तो रुपेल गिधाड असल्याचं कळलं. पक्ष्याच्या उड्डाणाची ही नोंदलेली सर्वाधिक उंची. विरळ हवेतला प्राणवायूही त्याचं रक्त नीट धरून ठेवतं. मारात हा पक्षी दिसतो: गडद अंगावर खवल्यांसारख्या फिकट कडा, ही खूण. जात आता अतिशय संकटात आहे.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तेव्हा नंबर लवकर लावा. दाखला नसेल तर परत येताना भारतात विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं. दुसरं, केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, दंड जबर आहे. चिवडा जरूर न्या, पण डब्यात भरून.