ऑथेल्लोचा संशय आला कुठून?

मराठी रंगभूमीला शेक्सपिअरचा ऑथेल्लो परका नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली त्याचं भाषांतर केलं आणि १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याला 'झुंझारराव' करून मंचावर आणलं. इतकी जुनी ओळख असूनही आपण त्याला 'संशयी नवरा' म्हणून मोकळे होतो. मला हा त्याच्यावर अन्याय वाटतो. शेक्सपिअरने ही गोष्ट कुठून उचलली आणि तिच्यात काय बदललं, हे पाहिलं की त्या संशयाचं मूळ वेगळ्याच जागी सापडतं.

मूळ कथा इटालियन लेखक चिंथिओची. त्याचा कथासंग्रह १५६५ साली छापला गेला. त्या कथेत नाव आहे ते फक्त नायिकेला, डिस्डेमोनाला; शेक्सपिअरची डेस्डेमोना तीच. बाकीचे सगळे नुसते तिचा नवरा मूर (उत्तर आफ्रिकी) सरदार, त्याचा निशाणदार, तुकडीचा नायक. निशाणदाराचं तिच्यावर मन जडतं, ती दाद देत नाही, म्हणून तो सूड उगवतो. खून तर फार ओंगळ आहे: वाळू भरलेल्या मोज्याने तिला मारतात आणि अपघात वाटावा म्हणून वर छत पाडतात. चिंथिओची डिस्डेमोना नवऱ्याला म्हणते, तुम्ही मूर लोक जात्याच तापट, क्षुल्लक गोष्टीवरून सूडाला पेटता.

शेक्सपिअरने नेमकं हेच उलटं केलं. इंग्लंडच्या राजदरबारात १ नोव्हेंबर १६०४ रोजी झालेल्या या नाटकात डेस्डेमोना सांगते की ऑथेल्लोच्या जन्मभूमीच्या सूर्यानेच असले विकार त्याच्यातून शोषून घेतले असावेत. म्हणजे मत्सर त्याच्या रक्तातून येत नाही. मग येतो कुठून?

व्हेनिसमधून, असं मला वाटतं. हे प्रजासत्ताक आपल्या फौजेचं सेनापतिपद परक्यांना देत असे. तलवार हवी, पण घरोबा नको. डेस्डेमोनाचा बाप ब्रबान्शिओ ऑथेल्लोला घरी बोलावून त्याच्या लढायांच्या कहाण्या आवडीने ऐकतो. त्याच माणसाने मुलीशी लग्न केल्यावर मात्र जादूटोण्याचा आरोप करतो. तुर्की आरमार सायप्रसकडे निघालेलं असल्यामुळे सिनेट ऑथेल्लोच्या बाजूने उभी राहते. जाता जाता बाप बजावतो: तिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल.

चिंथिओच्या जोडप्याचा व्हेनिसमध्ये काही काळ सुखाचा संसार झालेला असतो. शेक्सपिअर तो काळच काढून घेतो. लग्नाच्याच रात्री मोहिमेचा हुकूम येतो, दोघं वेगवेगळ्या जहाजांतून सायप्रसला पोहोचतात, आणि तोवर वादळाने तुर्की आरमाराचा निकाल लावलेला असतो. ज्याला आयुष्यभर लढाईनेच मान दिला, त्याच्यापुढे आता लढाईच उरत नाही. उरते ती बायको, जिला तो अजून पुरती ओळखतही नाही.

ऑथेल्लोचा निशाणदार इयागो इथेच बोट ठेवतो: डेस्डेमोनाचं ऑथेल्लोच्या हाताखालच्या कॅसिओशी सूत आहे, असं तो सुचवतो. तिसऱ्या अंकात तो म्हणतो, आमच्या व्हेनिसच्या बायका मला ठाऊक आहेत. त्या 'आमच्या'त ऑथेल्लो नाही. लगेच बापाचंच वाक्य पुन्हा ऐकवतो: लग्न करताना तिने बापाला फसवलंच होतं. थोड्या वेळाने ऑथेल्लो एकटा पडतो, तेव्हा तो तिच्यात दोष शोधत नाही, स्वतःत शोधतो: मी काळा आहे, दरबारी लोकांसारखं गोड बोलणं मला जमत नाही, वयही उतरणीला लागलंय. पुरावा म्हणून दाखवलेला डेस्डेमोनाचा रुमाल नंतर येतो. तिला आपण आवडूच शकत नाही, हे त्याने त्याआधीच मान्य केलेलं असतं.

म्हणूनच तो तिला सरळ प्रश्न विचारत नाही. तो रुमाल मागत राहतो. काहीच कल्पना नसलेली डेस्डेमोना विषय बदलण्यासाठी कॅसिओची रदबदली करते, आणि तो पुन्हा एकच शब्द उच्चारतो: रुमाल.