घरी गिटार बनवताय? राउटर घेण्याआधी दहा मिनिटं

"गिटार बनवायचीय, सगळ्यात जास्त वॅटचा राउटर दाखवा," असं म्हणत बरेच जण दुकानात येतात. राउटर म्हणजे फिरत्या पात्याने, म्हणजे बिटाने, लाकडात खळगे नि चर कोरणारं मशीन. आम्ही दाखवतो. १६०० वॅटच्या पुढचं, १२ मिमी कोलेटचं (कोलेट म्हणजे बिटाची दांडी धरणारी पकड) प्लंज मशीन, म्हणजे बिट सरळ खाली उतरवणारं, सहा किलोच्या आसपास भरतं. मग काउंटरवरची एक अर्धवट बॉडी पुढे सरकवतो आणि सांगतो, नेक पॉकेटच्या, म्हणजे गिटारीची मान बसते त्या खाचेच्या, काठावर हे उभं करून बघा. निम्मा पाया हवेत, मशीन एका बाजूला कलतं. चालू असतं तर तो कल लाकडात उतरला असता. एवढं पाहिल्यावर वॅटचा विषय सहसा मिटतो.

काम नेमकं किती असतं?

पहिली गिटार टेलिकास्टरच्या घाटाची करावी, असं आमचं मत. १९५०-५१ च्या सुमारास लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून निघालेली ही बॉडी म्हणजे जवळजवळ सपाट फळीच, आणि नेक चार स्क्रूंवर बसतो. कोरीवकाम काही नाही. फळी साधारण ४४ मिमी जाड, नेक पॉकेट ५६ मिमी रुंद आणि १६ मिमी खोल, नॉब-वायरिंगचा खळगा ३८ मिमीपर्यंत खोल. नेकमध्ये ट्रस रॉडचा (मान वाकू नये म्हणून आत बसवायच्या सळईचा) चर, बहुतेक वेळा ६ मिमी रुंद नि ९-१० मिमी खोल. कडेला ३ मिमीची गोलाई. यातलं कुठलंच काम ताकद मागत नाही, सबुरी मागतं. अपवाद बॉडीच्या बाहेरच्या कडेचा, तिच्याकडे येऊच.

म्हणून पहिलं मशीन म्हणजे ट्रिमर, एका हातात मावणारा. मकिटाचा ३७०९ (५३० वॅट) किंवा बॉशचा जीकेएफ ५५० (५५० वॅट) हे सनमायका छाटायला सुतारांच्या हातात दिसणारे साधे ट्रिमर गिटारीलाही चालतात. पण त्यांचा वेग एकच, मिनिटाला ३० ते ३३ हजार फेरे. रुंद बिट या वेगाने फिरवलं की शिसवीच्या आणि मेपलच्या कडेवर काळे डाग उठतात, आणि ते घासून काढताना जीव जातो. थोडे जास्त पैसे असतील तर वेग बदलणारा घ्या. मकिटाचा आरटी०७००सी ७१० वॅटचा आहे, १० ते ३० हजारांत फिरतो, आणि त्याला प्लंज बेस जोडता येतो. प्लंज बेसवर कंजुषी नको. गिटारीतले खळगे फळीच्या मधोमध सुरू होतात, फिरतं बिट तिथे सरळ खाली उतरवता आलं पाहिजे.

आधी कोलेट बघा

बिटाची दांडी दोन मापांत मिळते: ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे आपलं दोन सूत, ६.३५ मिमी. डोळ्यांना फरक कळत नाही. दोन सुती बिट ६ मिमीच्या कोलेटात शिरतच नाही, ते बरंच. घात होतो उलट केल्यावर. ६ मिमीची दांडी दोन सुती कोलेटात आरामात जाते, नट आवळला की घट्टही वाटते. काउंटरवरची ती अर्धवट बॉडी आमचीच. पॉकेटच्या एका टोकाला खोली १६ मिमी, दुसऱ्या टोकाला २०. कापताना बिट हळूहळू खाली सरकत होतं आणि आवाज किंचित जड झाला, याखेरीज काही जाणवलं नाही. महागाची फळी होती.

दांडी पूर्ण आत घालून मग दोन-तीन मिमी बाहेर ओढा आणि नट आवळा. कोलेटाच्या तोंडाशी दांडीवर मार्करने रेघ मारा. एक फेरा झाला की प्लग काढून बघा. रेघ जागची हलली असेल तर थांबा. बिट बदलतानाही प्लग काढलेलाच हवा.

बिटं

मशीनवर वाचलेले पैसे इथे घाला. स्वस्तातला तीस बिटांचा खोका नको, चार चांगली बिटं पुरतात. ट्रस रॉडसाठी ६ मिमीचं सरळ, कडेसाठी ३ मिमी गोलाईचं, आणि दांडीकडे बेअरिंग असलेली दोन, एक आखूड, एक लांब. आखूड का? २५ मिमी पात्याचं बिट पहिल्याच उथळ फेऱ्याला लावलं तर बेअरिंग फर्म्याच्या (ज्याच्या कडेला बेअरिंग टेकवून कापतात, त्या फळीवरच्या नमुन्याच्या) वर तरंगतं आणि पातं फर्माच खाऊन टाकतं. पहिले फेरे १० मिमी पात्याच्या बिटाने घ्या, मग लांब. एका फेऱ्यात ३ मिमीहून जास्त खोल जाऊ नका. खोल खळगा आधी ड्रिलने पोखरून घेतला तर राउटरला फक्त भिंती साफ करायच्या उरतात.

बाहेरची कड

जिगसॉने रेघेच्या बाहेर दीड-दोन मिमी ठेवून कापा, मग राउटर. बाहेरच्या कडेवर मशीन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं, खळग्याच्या आत सुलट. बॉडीच्या शिंगाच्या (नेकजवळच्या टोकदार भागाच्या) टोकाशी लाकडाची रेष आडवी येते; तिथे बिट अडकतं आणि अंगठ्याएवढी ढलपी घेऊन जातं. तूण आणि शिवण त्या मानाने सोशिक. सागवानात वाळूसारखा अंश असल्याने बिटाची धार लवकर जाते. शिसवीचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो, मास्क लावाच. एवढ्या एका कडेसाठी मोठं मशीन घेऊ नका, टेबल राउटर असलेल्या सुताराकडून करून घ्या.

अमेरिकेतला भाऊ "इथून आणतो, स्वस्त पडतं" म्हणाला तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. तिथलं मशीन १२० व्होल्टचं, आपल्या घरी २३०. पिना बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, मोटर जळते. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय कोलेट दोन सुती असतं, म्हणजे इथल्या ६ मिमीच्या बिटांचा उपयोग नाही.

दुकानात येताना ट्रस रॉड आणि पिकअप (तारांची कंपनं पकडणारा चुंबकी भाग) बरोबर आणा. माप घेऊन बिट काढून देतो, आणि तुमच्या मशीनच्या कोलेटात तुमच्यासमोर बसवून बघतो.