कुत्रा घरी आला आणि सकाळची कॉर्टिसोलची उसळी उतरली

सकाळी जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात आपल्या शरीरातलं कॉर्टिसोल हे ताणाशी संबंधित संप्रेरक झपाट्याने वाढतं. कॅनडातल्या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या 42 मुलांच्या लाळेत ही वाढ मोजली. त्यांचे निष्कर्ष 2010मध्ये प्रसिद्ध झाले. घरी प्रशिक्षित कुत्रा येण्याआधी वाढ 58 टक्के होती. कुत्रा आल्यावर ती 10 टक्क्यांवर आली आणि थोड्या काळासाठी त्याला परत नेलं, तेव्हा पुन्हा 48वर गेली. वागण्यातल्या अडचणीही कमी झाल्याचं पालकांनी नोंदवलं. मात्र दिवसभरातलं सरासरी कॉर्टिसोल काही बदललं नाही. कौतुकाच्या भरात हे शेवटचं वाक्य बहुतेकदा गळतं.

हे कुत्रे चोवीस तास कुटुंबात राहणारे होते. थेरपीचा कुत्रा वेगळा. तो आपल्या हँडलरसोबत, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या माणसासोबत येतो, ठरलेला वेळ थांबतो आणि घरी जातो. या कल्पनेला वाट मिळाली ती बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञामुळे. कोणाशीच न बोलणारं एक मूल त्याच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी खुलू लागलं, आणि 1962मध्ये त्याने कुत्र्याला चक्क सह-उपचारक म्हणणारा लेख लिहिला. पुढे 2002च्या एका छोट्या प्रयोगात ऑटिझमसारख्या विकासातल्या अडचणी असलेल्या मुलांसमोर आळीपाळीने चेंडू, कापडी कुत्रा आणि जिवंत कुत्रा ठेवला गेला. जिवंत कुत्र्यासोबत मुलं जास्त खेळकर होती आणि त्यांचं लक्षही जास्त टिकलं. मुलं होती फक्त दहा.

असं का होत असावं? माणसाच्या चेहऱ्यावर एका क्षणात दहा गोष्टी हलतात, त्यात शब्द, आवाजाची पट्टी, उपरोध. कुत्र्याचं बोलणं त्यामानाने सरळ असतं: शेपटी, कान, अंग. चांगला थेरपिस्ट याचाच उपयोग करतो. 'बस' म्हटलं की कुत्रा बसतो, म्हणजे मुलाच्या एका शब्दाला लगेच उत्तर मिळतं. ब्रश कोणी करायचा, आता पाळी कोणाची, यातून संवाद सुरू होतो. थोडक्यात, काम थेरपिस्ट करतो. कुत्रा त्याला निमित्त पुरवतो. ऑटिझम 'बरा' करण्याचा दावा कोणी करत असेल, तर तिथून उठावं. शिवाय या अभ्यासांत एक अडचण कायमची आहे. खोलीत कुत्रा आहे हे मुलाला आणि पालकांना दिसतंच. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटा कुत्रा देता येत नाही.

आता गोव्याकडे. इथे किनाऱ्यावर प्रेमळ कुत्र्यांना तोटा नाही, म्हणून 'आपल्या वाड्यावरचाच एखादा चालेल की' असं वाटणं साहजिक आहे. देशी जातीला काही मज्जाव नाही. प्रश्न स्वभावाचा आणि शिकवणीचा आहे. मुलाने अचानक किंचाळलं, शेपटी ओढली, कान मुठीत धरला, तरी जो दचकत नाही तोच या कामाचा. रेबीजच्या लसीकरणात गोव्याने मोठं काम केलं आहे आणि 2021मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. तरी या कुत्र्याची लस, जंत आणि गोचिडांची तपासणी वेळेवर व्हायलाच हवी.

दिवाळीआधीच्या नरकासुराच्या रात्रीचा डीजे आणि चवथीचे फटाके ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना असह्य होतात. कुत्र्यालाही होतात, त्याचे कान तर आपल्यापेक्षा तिखट. त्या दिवसांत सत्र ठेवूच नये. एप्रिल-मेच्या उकाड्यात वातानुकूलित खोली नसेल तर तेव्हाही नको, कारण कुत्रा घामाने नव्हे, मुख्यतः धापा टाकून थंड होतो, आणि दमट हवेत ते नीट जमत नाही. झोप नसताना वारंवार जांभई येणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं या त्याच्या 'पुरे झालं'च्या खुणा आहेत. त्या दिसल्या की हँडलरने सत्र तिथेच थांबवलं पाहिजे, पैसे पूर्ण तासाचे भरलेले असले तरी. आणि मूलच कुत्र्याला घाबरत असेल तर हा उपचार त्याच्यासाठी नाही. स्पीच (बोलण्याची) आणि ऑक्युपेशनल (रोजची कामं शिकवणारी) थेरपी कुत्र्याविनाही चालते.