मिसळून तयार होणारे विष आणि न मिसळता साचणारा भार

‘ब्लीच आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड एकत्र करू नका’ ही सूचना आता बऱ्याच घरांत माहीत झाली आहे. मात्र तिच्याबरोबर एक गैरसमजही रुजला आहे, तो असा की बाटल्या एकमेकींत ओतल्या नाहीत म्हणजे रसायनांच्या मिश्रणाची काळजी संपली. श्वासावाटे शरीरात जाणारी मिश्रणे दोन अगदी निराळ्या प्रकारची असतात. दोन्हींना आपण मिश्रणच म्हणतो, पण त्यांचा धोका मोजण्याची रीत वेगळी आहे आणि टाळण्याचा उपायही वेगळा आहे.

पहिल्या प्रकारात दोन पदार्थांची रासायनिक क्रिया होऊन कोणत्याच बाटलीत नसलेला तिसरा पदार्थ तयार होतो. ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइटला संडास धुण्याच्या द्रवातले हायड्रोक्लोरिक आम्ल मिळाले की क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया मिळाला की क्लोरामाइन. चार फूट बाय पाच फुटांची, आठ फूट उंचीची मोरी डोळ्यांसमोर आणा. फरशीवर ४ टक्क्यांचे ५० मिलिलिटर ब्लीच पडलेले आहे आणि त्यावर १० टक्के आम्ल असलेला जेमतेम २० मिलिलिटर द्रव पडला. क्रिया पूर्ण झाली तर सुमारे १.९ ग्रॅम क्लोरीन तयार होतो, आणि दार-खिडकी बंद असेल तर हवेतले त्याचे प्रमाण दहा लाख भागांत १४० भागांच्या पुढे जाते. अमेरिकेतील ‘नायोश’ ही कामगार-आरोग्य संस्था १० भाग हीच पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानते, म्हणजे त्यातला दहावा हिस्सा वायू हवेत सुटला तरी ती ओलांडली जाते. शिवाय क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने खाली साचतो, आणि फरशी घासायला उकिडवे बसलेल्या माणसाचे नाक नेमके तिथेच असते. श्वासनलिकेच्या ओलाव्यात विरघळून त्याची आम्ले बनतात. ठसका लगेच लागतो, पण फुप्फुसांत पाणी भरण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. म्हणून अशा वेळी फरशी धुवत बसू नये, आधी मोकळ्या हवेत यावे आणि दम लागत असेल तर बरे वाटण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

दुसऱ्या प्रकारात पदार्थांची एकमेकांशी क्रिया व्हावी लागत नाही. तिन्हीसांजेला डास येतात म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत देवापुढची अगरबत्ती जळत असते, कोपऱ्यात कॉइल लावलेली असते आणि वर रूम फ्रेशनरचा फवाराही मारलेला असतो. हे तिन्ही पदार्थ वेगळे असले तरी ते श्वासात घेणारे फुप्फुस एकच असते. कॉइल आणि अगरबत्ती या दोन्हींच्या धुरात सूक्ष्म कण आणि फॉर्माल्डिहाइड असते. चीन व मलेशियातील कॉइलींवरचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या तोडीचे आढळले.

हा भार मोजण्यासाठी प्रत्येक पदार्थाच्या हवेतील प्रमाणाला त्याच्या सुरक्षित मानलेल्या पातळीने भागतात आणि येणारे आकडे एकत्र करतात. या बेरजेला हॅझर्ड इंडेक्स म्हणतात, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८६ च्या मार्गदर्शिकेत तिला स्थान दिले. समजा, तीन पदार्थ आपापल्या मर्यादेच्या ४० टक्के आहेत. सुटा घेतला तर प्रत्येक सुरक्षित ठरतो, पण बेरीज १.२ होते, आणि १ च्या वर गेली की चिंतेचे कारण असते. माझ्या मते या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे, कारण पाकिटावरची सूचना त्या एकाच वस्तूपुरती असते आणि शेजारी काय जळते आहे हे तिला ठाऊक नसते. अर्थात, ही बेरीज एकाच अवयवाला तशाच रीतीने इजा करणाऱ्या पदार्थांचीच करायची असते. काही पदार्थ एकमेकांचा परिणाम बेरजेहूनही वाढवतात, त्यामुळे आकडा १ च्या आत आला म्हणजे निर्धास्त झालो असे नाही. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात, तेव्हा त्याच खोलीत त्यांच्या वाट्याला भारही जास्त येतो.

पहिला धोका एक बाटली बाजूला ठेवली की टळतो. दुसऱ्यासाठी मात्र एका वेळी जळणाऱ्या आणि फवारल्या जाणाऱ्या वस्तू कमी कराव्या लागतात, जाळी किंवा मच्छरदाणी लावून खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि मुलाचा खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना औषधांच्या नावांबरोबरच झोपायच्या खोलीत रोज काय आणि किती वेळ जळते हेही सांगावे लागते.