मोजमापातली त्रुटी आणि अनिश्चितता

मोजून आलेला आकडा आणि वस्तूचं खरं माप यांच्यातला फरक म्हणजे त्रुटी, आणि खरं माप साधारण कुठून कुठपर्यंत असेल याचा आकड्यात दिलेला अंदाज म्हणजे अनिश्चितता. लोकं दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात पण ते एक नाहीत, कारण खरं माप कोणालाच ठाऊक नसतं त्यामुळे त्रुटी नेमकी किती ते सहसा कळत नाही, अनिश्चितता मात्र काढता येते आणि ± लावून लिहिता येते. ६ चा ९ लिहिला तर ती त्रुटीबिटी काही नाही, सरळ चूक आहे, खोडायची.

नागपूरकरांना उदाहरण शोधायला लांब जायचं काम नाही. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक वेदर स्टेशनने चक्क ५६ अंश दाखवले, सोनेगावच्याने ५४. आता आपला उन्हाळा कडक आहे हे मान्य, पण खापरी आणि रामटेकची स्टेशनं त्याच दिवशी ४४ च्या आसपास होती, आणि मग हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडलेत. मशीनवर आकडा ठळक दिसतो, त्यावर विश्वास किती ठेवायचा हे मशीन सांगत नाही, ते शेजारच्या मशीनला विचारावं लागतं.

अशी एकाच बाजूला झुकणारी त्रुटी म्हणजे पद्धतशीर त्रुटी. आपल्या जुन्या लोकांकडे यासाठी फार चांगला शब्द होता, पासंग. तराजूचं एक पारडं जड असलं की दुसऱ्या बाजूला खडा नाहीतर चिंधी बांधून ते बरोबर करायचं, तो पासंग. तो न बांधता शंभर वेळा वजन करून सरासरी काढली तरी सरासरीसुद्धा तेवढीच वाकडी येणार. कॉलेजात स्क्रू गेजची (बारीक जाडी मोजायचं साधन) झिरो एरर, म्हणजे मध्ये काहीच न धरता दिसणारा आकडा, वजा करायला लावतात ते हेच.

दुसरी असते यादृच्छिक त्रुटी, कधी थोडं जास्त कधी थोडं कमी, आणि हिला मात्र सरासरीचा इलाज चालतो. लोलकाचं प्रॅक्टिकल आठवा. समजा २० दोलनांना पाच वेळा ४०.२, ४०.५, ४०.१, ४०.४, ४०.३ सेकंद लागले. सरासरी ४०.३, प्रमाण विचलन (रीडिंग सरासरीभोवती किती पसरलीत ते) साधारण ०.१६, त्याला रीडिंगच्या संख्येच्या, म्हणजे पाचच्या, वर्गमुळाने भागलं की सरासरीची अनिश्चितता ०.०७, आणि दोन्हींना २० ने भागलं की एका दोलनाचा काळ २.०१५ ± ०.००४ सेकंद. एकच दोलन मोजलं असतं तर बोट दाबायच्या उशिरानेच सगळी वाट लावली असती, २० घेतली की तो उशीर २० जणांत वाटला जातो. पण दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता नुसती गाठीपर्यंत मोजली असेल तर पाच काय पाचशे रीडिंग घ्या, त्यावरून काढलेला g, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, चुकणारच. पुन्हा पासंग!

बाकी, आकडे किती दाखवायचे हाही याच विषयाचा भाग. व्हर्नियर कॅलिपरचं लघुतम माप, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.१ मिमी, स्क्रू गेजचं ०.०१ मिमी, त्यापुढचे दशांश कॅल्क्युलेटरने दिले म्हणून लिहायचे नसतात. आपल्या नागपूरच्या झिरो माइलवर, म्हणजे जुन्या सर्व्हेच्या दगडी खुणेवर, समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट दिली आहे, त्यातला शेवटचा १ म्हणजे जेमतेम ०.३ मिमी, आणि समुद्रसपाटी म्हणजे तरी काय, भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी, तिची स्वतःची अनिश्चितता वेगळीच.

झिरो माइल ज्या ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा (इंग्रजांनी त्रिकोण आखत केलेली हिंदुस्थानची मोजणी), तो १८०२ मध्ये मद्रासला सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये इथेच जवळ हिंगणघाटला वारला. त्याच्यानंतर सर्व्हेचा प्रमुख झालेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक दोन प्रकारे काढला, एकदा जमिनीवर त्रिकोण मोजून आणि एकदा तारे बघून, तर दोन उत्तरांत ५.२३६ सेकंदांचं (हे कोनाचे सेकंद, एका अंशात ३६००) अंतर पडलं, म्हणजे जमिनीवर साधारण १६० मीटर. मोजणाऱ्यांची मेहनत बघता हे फारच जास्त होतं. संशय गेला हिमालयावर, की तारे बघताना उभी दिशा ज्याने ठरवतात तो ओळंबा हिमालय स्वतःकडे ओढतोय, म्हणजे पुन्हा पद्धतशीर त्रुटी. १८५५ मध्ये कलकत्त्यातला पाद्री आणि गणिती प्रॅट याने ती ओढ गणिताने काढली तर उत्तर आलं जवळपास १५.९ सेकंद, म्हणजे ओढ आता गरजेपेक्षा तिप्पट! त्यावर इंग्लंडचा राजज्योतिषी एअरी याने सुचवलं की डोंगराच्या खाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं असणार, म्हणून हिमालय दिसतो तेवढा ओढत नाही.