ब्रॉडवेच्या नाट्यगृहांजवळचा मुक्काम : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

न्यूयॉर्कच्या सहलीत नाटक पाहण्याची मनापासून इच्छा असणाऱ्या ग्राहकांना आम्ही मॅनहॅटनच्या ४४व्या रस्त्यावरील ‘अल्गॉन्क्विन’ हे हॉटेल सुचवतो. १९०२ साली सुरू झालेल्या या हॉटेलात १९१९पासून जवळपास दशकभर लेखक, समीक्षक आणि नट दुपारच्या जेवणासाठी एका गोल टेबलाभोवती जमत असत, आणि त्यांच्यापैकीच हॅरल्ड रॉस यांनी १९२५मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ हे साप्ताहिक सुरू केले. लॉबीत मांजर पाळण्याची येथील प्रथाही बरीच जुनी आहे.

आमच्या शिफारशीमागचे मुख्य कारण मात्र अंतर हे आहे. ब्रॉडवेची ४१ नाट्यगृहे बहुतांशी ४१व्या ते ५४व्या रस्त्यांदरम्यान असून, १९०३चे हडसन आणि १९०७चे बेलास्को ही दोन तर याच रस्त्यावर, हॉटेलपासून चालत काही मिनिटांवर आहेत. रात्रीचा प्रयोग साधारण साडेदहाच्या सुमारास सुटतो, तेव्हा सर्व नाट्यगृहांतील प्रेक्षक एकदमच बाहेर पडतात आणि टॅक्सी मिळणे कठीण होते. अशा वेळी, विशेषतः ज्येष्ठ मंडळी सोबत असताना, पायी खोलीवर परतता येणे ही फार मोठी सोय आहे, असे आमचे ठाम मत आहे. नाटकाला पोहोचण्यास उशीर झाल्यास प्रयोगात योग्य क्षण येईपर्यंत प्रेक्षकाला दाराबाहेर थांबवले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

या परिसरातील जुन्या हॉटेलांच्या खोल्या लहान असतात. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडून ठेवणे अवघड जाते, त्यामुळे लहान मुलांसह येणाऱ्या कुटुंबांना आम्ही दुसरी जागा सुचवतो.

खोलीच्या भाड्यावर १४.७५ टक्के कर आणि शिवाय प्रत्येक रात्रीमागे ३.५० डॉलर आकारले जातात. म्हणजे ३०० डॉलरच्या खोलीसाठी ४७.७५ डॉलर अधिक मोजावे लागतात. अनेक हॉटेले सुविधा शुल्कही वेगळे घेतात आणि अनामत रकमेसाठी कार्ड मागतात. तेथे क्रेडिट कार्डच द्यावे, कारण डेबिट कार्डावरील रक्कम काही दिवस अडकून राहू शकते.

नाटकाची तिकिटे आमच्या दरात धरलेली नाहीत. ४७व्या रस्त्यावरील ‘टीकेटीएस’ खिडकीवर त्याच दिवसाची तिकिटे सवलतीत मिळतात, परंतु गर्दीची नाटके तेथे क्वचितच येत असल्याने त्यांचे आरक्षण आधीच करावे. सोमवारी बहुतेक नाट्यगृहे बंद असतात, तर बुधवारी व शनिवारी अनेक ठिकाणी दुपारचाही प्रयोग असतो, हे पाहून मुक्कामाच्या तारखा आम्हाला कळवाव्यात.