पायात गोळा आला की मॅग्नेशियम?

नेरुळला खोली घेऊन इंजिनीअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या टेबलावर परवा मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटली दिसली. रात्री पोटरीत गोळा येतो म्हणून मैत्रिणीने सुचवलेली. ‘गोळा आला म्हणजे मॅग्नेशियम कमी’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं, पण ते खरं नाही.

गोळा येण्याची कारणं पुष्कळ: थकवा, घाम, तासन्‌तास एकाच जागी बसणं. वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात तर वयस्कर माणसांनाही मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी म्हणण्यासारखा फरक पडत नाही, असंच दिसलं. मॅग्नेशियम खूपच कमी झालं तर गोळे येतात, हे खरं. पण धडधाकट, नीट जेवणाऱ्या मुलामुलींत तेवढी कमतरता क्वचितच आढळते. शिवाय शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तात असतं, बहुतेक हाडांत आणि पेशींत. त्यामुळे नुसत्या लक्षणावरून अंदाज बांधणं चुकीचंच.

मला खरी काळजी वाटली ती बाटलीशेजारच्या पाकिटाची. मुरुमांसाठी डॉक्टरांनी दिलेलं डॉक्सिसायक्लिन! भाची दोन्ही एकाच घोटात घेत होती. मॅग्नेशियम या औषधाला आतड्यातच धरून ठेवतं, ते रक्तात नीट उतरत नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर हवंच. किती, ते डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर सल्ल्याशिवाय मॅग्नेशियमची गोळी नकोच. जास्त झालं की जुलाब होतात, ते वेगळंच.

बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, मूठभर शेंगदाणे यांतून मॅग्नेशियम छान मिळतं. आणि गोळा आलाच तर पाऊल स्वतःकडे ओढून पोटरी ताणा, लगेच सुटतो.